जपानी पटाशी आणि रंधा घेतलाय? लाकडाला लावायच्या आधी हे वाचा

मी जपानमध्ये आलो तो सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी, सुतारकामाशी माझा काडीचा संबंध नव्हता. रविवारी घरात नुसता लोळत पडतो म्हणून बायकोने घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमधल्या लाकूडकामाच्या क्लासला पिटाळलं. पहिल्याच दिवशी मी ऐटीत नवीकोरी पटाशी घेऊन गेलो, पाकिटातून काढली, लाकडावर ठेवली आणि घातला हातोडा. तिसऱ्या की चौथ्या घावाला मुठीच्या टोकाची लोखंडी कडी निसटली, दांड्यावरून घसरली आणि थेट माझ्या अंगठ्यावर आली. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी (वय सत्तरच्या पुढे, आयुष्यभर सुतारकाम केलेले) काही बोलले नाहीत, माझ्या हातातून पटाशी काढून घेतली, एकदा उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, हे अजून हत्यार झालेलं नाही.

मला वाटलं भाषेचा घोळ झाला. पण नाही, त्यांना तेच म्हणायचं होतं. जपानी पटाशी आणि रंधा दुकानात मिळतो तो अर्धवट तयार असतो. लोहार पातं देतो, रंध्याचा ठोकळा बनवणारा वेगळा असतो, तो ठोकळा देतो, आणि पुढचं तुम्ही करायचं असं धरलेलंच असतं. हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं कारण जपानी सुताराला ते सांगायची गरज नाही, आणि आपण बापडे 'जपानी क्वालिटी' म्हणून घेतो आणि अंगठा सुजवून बसतो. म्हणून हा लेख. जपानमध्ये राहणारे, किंवा इथून हत्यारं मागवणारे, दोघांसाठी.

१. आधी सामान जमवा (आणि फार जमवू नका)

सुरुवातीला एवढं बास:

- पटाशी, म्हणजे नोमी. एकच घ्या, २४ मिलिमीटर रुंदीची. दहा पटाश्यांचा लाकडी डबा फोटोत छान दिसतो पण दहांना धार कोण लावणार?
- रंधा, म्हणजे कान्ना. पटाशी जमल्यावर घ्या, दोन्ही एकदम नको.
- धारेचे दगड, तोइशी: एक १००० नंबरचा, एक ५००० किंवा ६००० चा (नंबर मोठा तेवढा दगड बारीक). आपल्याकडे निसणा म्हणतात तेच, फक्त हे पाण्यावर चालतात, तेल अजिबात नाही.
- दगड सपाट करायला डायमंड प्लेट, साधारण ४०० नंबरची. ही लोक हमखास टाळतात. टाळू नका, पुढे सांगतो का ते.
- हातोडी, गेन्नो. हिचं एक तोंड सपाट असतं आणि दुसरं किंचित फुगीर. दोन्ही लागणार आहेत.
- स्टीलची सरळ पट्टी, छोटी गोल कानस, थिनर, काळा मार्कर, जुनी सुती फडकी, त्सुबाकी (कॅमेलियाच्या बियांचं) तेल.

कागदपत्रं म्हणाल तर जपानमध्ये हत्यारं घेऊन क्लासला जाताना रेसिडेन्स कार्ड (ते तर कायद्याने कायम जवळ ठेवावंच लागतं) आणि क्लासचा फॉर्म किंवा वेळापत्रक बॅगेत असू द्या. इथे सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचं धारदार हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि त्याहून लहान असलं तरी लपवून नेलं तर दुसऱ्या कायद्यात अडकता. क्लासला जाणं हे योग्य कारण आहे, पण क्लास संपल्यावर तीच बॅग घेऊन मित्रांबरोबर इझाकायात (जपानी बारमध्ये) बसणं हे नाही. ट्रेनमध्ये पातं नीट गुंडाळलेलं हवं. मी पटाशीला पुठ्ठ्याचं म्यान करतो, वर कापड, मग डब्यात.

२. घेताना काय बघायचं

पातं आडवं धरून बाजूने बघा. दोन धातू दिसतील, एक पातळ चकचकीत थर आणि त्यामागे जाड, जरा मातकट राखाडी. पातळ थर म्हणजे हागाने, कडक पोलाद, धार तिथे असते. जाड म्हणजे जिगाने, मऊ लोखंड. कडक पोलादाला घाव सोसवत नाही, तडकतं, म्हणून त्याला मऊ लोखंडाची पाठ देतात, आणि शिवाय सगळंच पातं कडक असतं तर दगडावर घासता घासता जन्म गेला असता. दोघांमधली रेघ सलग आणि एकसारखी दिसली पाहिजे.

पोलादाची नावं ऐकून घाबरू नका. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद, आओगामी म्हणजे निळा कागद. पोलादाचा रंग नाही तो, शिमाने भागातल्या यासुगीच्या कारखान्यात पोलाद ओळखायला वेगवेगळ्या रंगाचे कागद चिकटवायचे त्यावरून पडलेली नावं आहेत. शिरोगामी जवळजवळ शुद्ध कार्बन पोलाद, आओगामीत क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं, त्यामुळे धार जास्त टिकते पण लावायला जरा हट्टी. नवशिक्याने शिरोगामी घ्यावं असं माझं मत. दोन्ही गंजतात, त्यात काही फरक नाही.

मग पातं उलटं करा. पाठीवर मध्ये एक खोलगट भाग दिसेल, काळसर. त्याला उरा म्हणतात. तो डिफेक्ट नाही हो! मी पहिली पटाशी दुकानात परत द्यायला निघालो होतो. मधला भाग मुद्दाम खोलगट ठेवतात म्हणजे पाठ सपाट करताना फक्त कडा घासाव्या लागतात.

जुन्या बाजारात घेत असाल (क्योतोमध्ये तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमान्गूला २५ ला बाजार भरतो, तिथे हत्यारांच्या पेट्याच्या पेट्या असतात) तर आधी कडक पोलाद किती उरलंय ते बघा. मी अशाच एका बाजारात गंज चढलेली सुंदर रुंद पटाशी स्वस्तात मिळाली म्हणून नाचत घरी आणली, गंज काढला तर हागाने जेमतेम चार मिलिमीटर शिल्लक. आधीच्या मालकाने आयुष्यभर धार लावून ती संपवलेली होती. सेन्सेईंना दाखवली तर त्यांनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, याने काम केलंय. मला वाटलं होतं हसतील.

३. पटाशीची कडी बसवा

माझा अंगठा ज्याने सुजला ते हे काम. नवीन पटाशीच्या मुठीवरची कडी नुसती अडकवलेली असते, बसवलेली नसते.

कडी काढा. मूठ हळूहळू फिरवत खालून ठोकली की सुटते. आतल्या कडेला हात लावून बघा, बोटाला कचकच लागली तर ती धार गोल कानशीने मारून टाका, नाहीतर कडी लाकूड सोलत खाली जाते. मग मुठीचं टोक हातोडीच्या फुगीर तोंडाने गोल फिरवत हलके हलके ठोका. लाकडाचे धागे दाबले जातात, टोक किंचित बारीक होतं. याला किगोरोशी म्हणतात, शब्दशः 'लाकूड मारणं', नाव भयंकर आहे पण काम हलक्या हाताचं. आता कडी घाला आणि एखाद्या लोखंडी तुकड्याने चहूबाजूंनी थोडी थोडी ठोकत खाली न्या, वर लाकूड दोनतीन मिलिमीटर बाहेर राहील इतकी. बाहेर राहिलेलं टोक पाण्यात बुडवा, पाच मिनिटांनी ठोकून कडीच्या कडांवर पसरवा, कुरडई पसरते तसं. बास. आता हजार घाव घाला, कडी हलणार नाही आणि मूठ चिरणार नाही.

पात्यावर पारदर्शक लॅकर असेल तर तो थिनरने पुसा. लॅकर तसाच ठेवून दगडावर घासलं तर दगड चिकट होतो.

४. दगड

इथे सगळे घसरतात.

१००० चा साधा दगड वापरण्याआधी दहापंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की तयार. पण सगळे दगड भिजवायचे नसतात, काही फक्त वरून पाणी शिंपडून वापरायचे असतात, आणि मॅग्नेशियाचे जे असतात ते जास्त वेळ पाण्यात ठेवले तर मऊ पडून तडकतात. त्यामुळे पाकीट वाचा, जपानी येत नसेल तर फोनने ट्रान्सलेट करा. वापरून झाल्यावर उन्हात वाळवू नका, सावलीत. थंड प्रदेशात राहत असाल तर हिवाळ्यात ओला दगड बाल्कनीत विसरू नका, आतलं पाणी गोठून दगड फुटतो.

दगडावर पातं घासलं की मधे खड्डा पडतो, डोळ्याला दिसत नाही पण पडतो. खड्ड्यात घासलेली धार कधी सरळ येणार नाही. म्हणून दर वेळी दगडावर पेन्सिलीने चौकटी मारा आणि डायमंड प्लेटने घासा, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. मी सुरुवातीचे दोन महिने हे केलं नाही, प्लेट महाग वाटली, आणि धार का येत नाही म्हणून दगड बदलत बसलो. त्या पैशात दोन प्लेट आल्या असत्या.

५. आधी पाठ, मग उतार

पात्याची पाठ १००० च्या दगडावर सपाट ठेवून घासा, धारेकडचा दोनतीन सेंटिमीटरचाच भाग. धारेलगत एक बारीक चकचकीत पट्टी सलग दिसायला लागली की झालं. जाणकार तिला इतो-उरा म्हणतात, दोऱ्याएवढी पाठ. दोऱ्याएवढीच हवी, सगळी पाठ आरसा करत बसू नका, आतला खोलगट भाग त्याने कमी होत जातो. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदा नीट केलं की नंतर पाठ फक्त बारीक दगडावर फिरवायची.

आता उतार, म्हणजे पाठीच्या उलट बाजूचा धारेपर्यंत तिरका उतरणारा भाग. उतार आहे त्याच कोनात दगडावर टेकवायचा, पटाशीला साधारण तीस अंश असतो, पण आकडा विसरा, बोटांना उतार दगडावर बसल्याचं कळतं, टक् करून. पुढे ढकलताना जोर, मागे आणताना सैल. हात खालीवर झाला की उतार गोल होतो, आणि गोल उतार म्हणजे धार आली तरी टिकणार नाही.

कसं कळणार गोल होतोय का? उतार मार्करने पूर्ण काळा करा. दगडावर दोनच हात मारा. उचलून बघा. काळा रंग सगळीकडून सारखा गेला तर हात सरळ आहे. फक्त टोकाचा गेला तर मागची बाजू उचलताय, फक्त टाचेचा (उताराच्या धारेपासून लांबच्या भागाचा) गेला तर टोक दगडाला लागतच नाहीये. मी हे रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या सिंकवर करायचो, बायको म्हणायची भांडी घासायला एवढा उत्साह कधी दिसला नाही.

दगडावर जो काळसर चिखल तयार होतो तो सारखा धुवू नका, कापायचं काम तोच करतो. घासत राहिलं की धारेच्या पाठीमागे एक बारीक खरखर वळते, नखाने कळते, तिला काएरी म्हणतात. पूर्ण रुंदीभर काएरी आली तरच बारीक दगडावर जा. एका कोपऱ्यात नाही आली तरी चालेल असं म्हणणारे मी बघितलेत (आरशात). बारीक दगडावर उतार, मग पाठ सपाट, मग पुन्हा उतार, असं करत काएरी आपोआप गळून पडते. मोडायची नसते.

धार बघायला हातावरचे केस कापू नका, ते भोंगळ धारेनेही कापले जातात. पाइन किंवा सुगीसारख्या मऊ लाकडाच्या तुकड्याचं टोक घ्या, जिथे वलयं दिसतात ती बाजू, आणि हाताने दाबून पातळ काप काढा. चांगल्या धारेने लाकूड मेणासारखं गुळगुळीत दिसतं. धार नसेल तर धागे चिरडून पांढरट, भुसभुशीत दिसतात. मऊ लाकूड कठीण लाकडापेक्षा कडक परीक्षा घेतं हे मला फार उशिरा कळलं.

आणि एक धोका. इंटरनेटवर पात्याची पाठ हातोडीने ठोकून बाहेर काढण्याचे व्हिडिओ दिसतील, उरा-दाशी. घाव चुकून कडक पोलादावर बसला तर पात्याला चीर जाते आणि पातं संपलं. पहिलं वर्षभर त्या वाटेला जाऊ नका, आणि बारीक पटाशीला तर कधीच नको.

होर्यूजी आणि याकुशीजी या देवळांचे सुतार निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) यांनी आपल्या शिष्याला पहिलं वर्ष टीव्ही, रेडिओ, पेपर बंद आणि फक्त धार लावायचं काम, असं सांगितलं होतं. त्यांनी त्याला रंध्याचा एक छिलका काढून दिला, असा काढ म्हणून, आणि पोराने तो खिडकीच्या काचेवर चिकटवून रोज त्याच्याशी आपला छिलका ताडून बघितला. मला आधी हा जरा अतिरेक वाटायचा. आता वर्षभराचं माहीत नाही पण दोन महिने तरी फक्त धार, हे मी कुणालाही सांगेन.

६. रंधा: ठोकळ्याशी दोस्ती

आपला सुतार रंधा पुढे ढकलतो, जपानी रंधा स्वतःकडे ओढायचा. हाताने नाही, कमरेने, मागे सरकत. ओकच्या लाकडाचा ठोकळा, त्यात साधारण अडतीस-एकोणचाळीस अंशात बसवलेलं जाड पातं, आणि दुसरं छोटं पातं जे छिलका मोडतं म्हणजे लाकूड उपटत नाही. स्क्रू नाही, नट नाही. पातं बाहेर काढायचं तर पात्याच्या डोक्यावर ठोका, आत घ्यायचं तर ठोकळ्याच्या मागच्या (तुमच्यापासून लांबच्या) टोकाला ठोका, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. मधोमध ठोकू नका, ठोकळा चिरतो.

नवीन ठोकळ्यात पातं खूप घट्ट जातं. जबरदस्तीने ठोकलं तर ठोकळ्याची बाजू फुटते, क्लासमध्ये एकाची माझ्यासमोर फुटली, काडकन आवाज आला आणि खोलीत सगळे गप्प. त्यापेक्षा पात्याच्या उताराकडच्या बाजूला (ठोकळ्यावर तीच टेकते) पेन्सिल किंवा शाई चोळा, पातं हलकेच आत घाला, काढा, आणि ठोकळ्यात जिथे काळे डाग पडलेत तेवढंच लाकूड पटाशीने खरवडा. पुन्हा घाला, पुन्हा काढा. मला पूर्ण दुपार लागली. हाताच्या दाबाने पातं तोंडापासून (तळातली फट, जिथून धार बाहेर येते) काही मिलिमीटर अलीकडेपर्यंत जावं, उरलेलं हातोडीने. दोन्ही कडांना खाचेत थोडी हवा हवी, लाकूड ऋतूप्रमाणे आकसतं, पोलाद आकसत नाही.

मग तळ. तळ सपाट करायचा नसतो! पात्याच्या तोंडालगतची पट्टी आणि तुमच्याकडचं टोक, एवढ्या दोनच जागा लाकडाला टेकायला हव्यात, मधला भाग कागदाच्या जाडीएवढा खोलगट. पट्टी लावून उजेडाकडे धरलं की फट दिसते. तळ तपासताना पातं ठोकळ्यातच असू द्या, फक्त किंचित आत घेऊन, कारण पात्याच्या दाबाने ठोकळा वाकतो आणि पातं काढून केलेला तळ पातं घातल्यावर बदलतो. ही एक ओळ मला कुणी आधी सांगितली असती तर तीन रविवार वाचले असते.

पहिला छिलका जाडच निघणार, तुटकतुटक. निराश होऊ नका आणि 'केझुरोकाई' चे व्हिडिओ तर लगेच बघूच नका. ही १९९७ पासून चालू असलेली मंडळी छिलका किती पातळ निघतो याची स्पर्धा लावतात, मायक्रॉनमध्ये मोजतात, पाचच्याही खाली जातात. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, हिशोब करा.

७. रोजची शिस्त

रंधा खाली ठेवताना तळावर नाही, आडवा, कुशीवर. काम संपलं की पातं आत. पटाशी पुसून, तेलाचा हात फिरवून डब्यात. हत्यार ओलांडून जायचं नाही. हे शेवटचं सेन्सेईंनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आमच्या आजीने वेगळं काय सांगितलं होतं, चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार कर. गावाकडे शेजारचे सुतारकाका खंडेनवमीला वाकस, पटाशी, करवत सगळं पुसून पाटावर मांडायचे आणि झेंडू वाहायचे, त्या दिवशी काही मागायला गेलं तर आज हत्यारांना सुट्टी म्हणायचे. क्योतोच्या कोर्यूजी देवळात २ जानेवारीला सुतार पारंपरिक वेशात वर्षातला पहिला वाकस चालवण्याचा विधी करतात. आणि शिवणकामवाले ८ फेब्रुवारीला (क्योतो-ओसाकाकडे बऱ्याच ठिकाणी ८ डिसेंबरला) मोडलेल्या सुया मऊ तोफूत खोचून त्यांचे आभार मानतात, आयुष्यभर कडक कापडात गेली, शेवट तरी मऊ जागी. तोक्योत असाल तर आसाकुसाला सेन्सोजीच्या आवारात बघायला मिळतं.

पण फार भारावूनही जाऊ नका. इथे बहुतेक नवीन लाकडी घरांचं लाकूड कारखान्यातून कापून येतं, साइटवर इलेक्ट्रिक रंधाच चालतो, आणि करवत तर जवळपास सगळेच पातं बदलायची वापरतात, दात बोथट झाले की पातं फेकून नवीन. सेन्सेईसुद्धा. मी जरा आश्चर्याने बघितलं तर म्हणाले, दात लावून देणारा माणूस वारला, आता काय करू.

८. भारतात नेताना

हत्यारं चेक-इन बॅगेतच, चुकूनही केबिनमध्ये नको. पात्याला पुठ्ठा आणि टेप, बॅग तपासणाऱ्याचा हात कापला जाऊ नये म्हणून. रंध्याचं पातं ठोकळ्यातून सैल करून न्या. तळ तिकडे पोचल्यावर महिनाभराने पुन्हा तपासा, हवा बदलली की ठोकळा हलतो.

मुंबई, कोकण, गोवा, पुणं, पावसाळ्यात गंजाची तयारी ठेवा. जूनमध्ये जपानलाही पाऊस असतो पण आपल्यासारखा चार महिने नाही. त्सुबाकी तेल संपलं तर शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल किंवा गोडंतेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा पटाशी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती, आईने ते फडकं मळकट दिसतंय म्हणून काढून धुवायला टाकलं. चार दिवसांत पात्यावर तांबडे ठिपके. १००० च्या दगडावर वीस मिनिटं गेली, पाठीवर एक ठिपका अजून आहे.